बाळंतिणीची जबाबदारी नेमकी कुणाची?

महाराष्ट्रात आज शंभरातली जवळपास पंचाण्णव बाळंतपणं दवाखान्यात होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हा आकडा ९४.७ टक्के आला. २०१८-२० या काळात राज्यातलं मातामृत्यूचं प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं आणि देशाचं ९७. २००५ मध्ये आलेली जननी सुरक्षा योजना, २०११ चा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम, १०२ आणि १०८ च्या गाड्या, आणि गावोगाव फिरणाऱ्या आशाताई या सगळ्यांनी मिळून हे करून दाखवलं. एका पिढीपूर्वी मराठवाड्यातल्या खेड्यात बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीत व्हायचं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या बदलाचं मोल वेगळं सांगायला नको. पण बाई दवाखान्याच्या दारापर्यंत पोचली एवढं मोजून भागत नाही. दाराच्या आत तिला ओळखणारं कुणी आहे का, हे आपण अजून मोजायलाच घेतलेलं नाही. गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीपासून कळांपर्यंत आणि बाळ सहा आठवड्यांचं होईपर्यंत एकाच प्रशिक्षित मिडवाइफची, किंवा फार तर सहा जणींच्या एका ठरलेल्या तुकडीची सोबत, म्हणजेच सलग सेवा, बाईला मिळायला हवी. ही चैनीची मागणी नाही. छत्रपती संभाजीनगरसारख्या जिल्ह्यात सुरक्षित बाळंतपणाची पुढची पायरी तीच आहे, असं माझं म्हणणं आहे आणि ते पुराव्यावर तपासून पाहण्यासाठी हा आढावा.

आधी आजची वाट पाहू. समजा, वैजापूर तालुक्यातल्या एका वस्तीवरची मुलगी पहिलटकरीण आहे. पाळी चुकल्यावर आशाताई तिला उपकेंद्रात नेते, तिथे एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) नाव नोंदवते, माता-बाल संरक्षण कार्ड हातात देते. महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर तपासतात. सोनोग्राफी तालुक्याच्या नाहीतर शहरातल्या खासगी सेंटरवर होते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं आणि रीतीप्रमाणे मुलगी माहेरी येते, समजा सिल्लोडकडे. तिथे दुसरी आशा, दुसरी एएनएम, कधीकधी दुसरं कार्ड. कळा सुरू झाल्या की जवळचं रुग्णालय. रक्तदाब चढलेला दिसला किंवा कळा पुढे सरकेनात की 'घाटीला न्या'. घाटी, म्हणजे इथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, मराठवाड्यातल्या जिल्ह्यांचा भार तर पेलतंच, शिवाय शेजारच्या बुलढाणा, जळगाव, अहिल्यानगरकडूनही रुग्ण तिथेच येतात. लेबर रूममध्ये निवासी डॉक्टर वेगळे, सिस्टर वेगळ्या, आणि कळा लांबल्या तर त्याही पाळीप्रमाणे बदलतात. डिस्चार्जनंतर पुन्हा माहेरची आशा, सव्वा महिन्यानंतर सासरची. कमीत कमी धरलं तरी दहा-बारा माणसं तिला हात लावतात. प्रत्येक जण आपापलं काम चोखही करत असेल. पण या सगळ्यांमध्ये 'ही माझी बाळंतीण' असं म्हणणारं एकही माणूस नसतं.

यात काय हरवतं? रक्तदाबाचंच घ्या. १४० वर ९० ही धोक्याची रेषा मानली जाते. एखाद्या बारीक चणीच्या मुलीचा रक्तदाब गरोदरपणभर ९० वर ६० असतो आणि नवव्या महिन्यात तो १३० वर ८४ होतो. प्रथमच पाहणाऱ्या सिस्टरच्या लेखी हा आकडा रेषेच्या आत आहे, ती पुढच्या बाईकडे वळते. सहा महिने तोच दंड धरून तोच पट्टा बांधलेली मिडवाइफ मात्र थबकेल, लघवी तपासायला सांगेल, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे काजवे चमकतात का, हे विचारेल. चढत्या रक्तदाबानं झटके येण्याआधीचे हे दिवस आई आणि बाळ दोघांच्या जिवाचे असतात. कार्डावर हे आकडे लिहिलेले असतात हे खरं; पण कार्ड माहेरी येताना सासरीच राहतं, आणि आणलं तरी गर्दीच्या लेबर रूममध्ये मागची पानं चाळायला उसंत कुणाला आहे? शिवाय काही गोष्टी कागदावर येतच नाहीत. परभणी जिल्ह्यात पाचव्या फेरीच्या सर्वेक्षणानुसार २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४८ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालं होतं; बीड-जालन्याची स्थितीही समाधानाची नाही. अशी सतरा वर्षांची मुलगी कायद्याच्या भीतीनं वय लपवते. आधीचा गर्भपात, नवऱ्याची मारहाण, घरात पोटभर न मिळणारं जेवण या गोष्टी ती पहिल्या भेटीत आणि सासूच्या देखत सांगणार नाही. चौथ्या भेटीत कदाचित सांगेल, पण चौथ्या भेटीला समोर तेच माणूस असेल तर.

हा तुटकपणा आपल्याकडे मुळापासून नव्हता, तो धोरणानं आला. एएनएम या पदाच्या नावातच प्रसूतीचं काम आहे, आणि सुरुवातीच्या दशकांत तिचं प्रशिक्षणही मुख्यतः त्याचंच असायचं. १९७३ मध्ये कर्तार सिंग समितीनं बहुउद्देशीय कर्मचाऱ्याची कल्पना मांडली आणि पुढे दोन वर्षांचा तिचा अभ्यासक्रम दीड वर्षावर आला. लसीकरण, कुटुंबनियोजन, हिवताप, क्षयरोग, सर्वेक्षणं आणि असंख्य रजिस्टरं तिच्या गळ्यात पडली. पाच हजार लोकसंख्येच्या उपकेंद्रात बसलेल्या त्या बाईच्या हातून बाळंतपणाचं कसब हळूहळू सुटत गेलं. नंतर जननी सुरक्षेच्या लाटेत प्रसूती मोठ्या रुग्णालयांत गेल्या आणि उपकेंद्र नोंदणीपुरतं उरलं. त्या वेळी तो निर्णय गैर होता असं मी म्हणणार नाही. रक्त, भूल आणि शस्त्रक्रिया जिथे आहेत तिथे बाई नेणं अगत्याचंच होतं. पण बाईला हलवताना तिच्यासोबतचं माणूस मागे राहिलं, आणि ती जागा आजवर भरली गेली नाही.

आता जगाचा पुरावा. मिडवाइफच्या सलग सेवेवरचा, आरोग्य संशोधनाचे आढावे घेणाऱ्या 'कॉक्रेन' संस्थेचा आढावा या विषयात सगळ्यात जास्त उद्धृत होतो. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत १५ चाचण्या आणि १७ हजारांवर स्त्रिया होत्या. सलग सेवेत मुदतपूर्व जन्म २४ टक्क्यांनी कमी झाले, असा निष्कर्ष त्यात होता आणि त्यावर जगभर धोरणं आखली गेली. २०२४ मध्ये आढावा नव्यानं झाला, १७ चाचण्या आणि १८,५३३ स्त्रिया धरून. त्यात मुदतपूर्व जन्मांचा तो फायदा टिकला नाही. दोन्हीकडे प्रमाण ६ टक्केच निघालं. जे टिकलं ते लहान पण भरवशाचं आहे. नैसर्गिक प्रसूती ६६ वरून ७० टक्क्यांवर, सिझेरियन १६ वरून १५ वर, योनिमार्गाला छेद देण्याचं प्रमाण २३ वरून १९ वर, आणि बाळाच्या जिवाला जास्तीचा धोका दिसून आला नाही. शिवाय बायकांचा अनुभव ठळकपणे चांगला. सलग सेवेची बाजू मांडणाऱ्यांनी २०१६ चा आकडा आता पुढे करू नये. जे सिद्ध आहे तेवढ्यावरही ही बाजू उभी राहते, तिला फुगवायची गरज नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो वजनदार आहे. या चाचण्या बहुतेक ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड अशा देशांतल्या. तिथे मिडवाइफ हा रुळलेला व्यवसाय आहे, सोयगावच्या बाईला त्याचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१६ च्या शिफारशीत मिडवायफरीची व्यवस्था जिथे नीट चालू आहे अशाच ठिकाणी हे प्रारूप सुचवलं आहे. म्हणून मी लंडन-मेलबर्नपेक्षा दोन वेगळ्या ठिकाणांकडे बघतो. एक पॅलेस्टाइनचा पश्चिम किनारा. तिथे २०१३ पासून सरकारी रुग्णालयातल्या मिडवाइफना खेड्यांतल्या दवाखान्यांत पाठवलं गेलं. गरोदरपणात त्याच तपासायच्या, प्रसूती रुग्णालयातच व्हायची, कळांच्या वेळी ओळखीचीच मिडवाइफ असेल याची हमी नसायची, पण घरी गेल्यावर तीच पुन्हा भेटायला यायची. नाकेबंदी, तपासणी नाके आणि पैशांची चणचण असूनही तिथे प्रसूतीनंतरच्या भेटी वाढल्या आणि आयत्या वेळची सिझेरियन कमी झाली, असं अभ्यासात दिसलं. ते यादृच्छिक चाचण्यांइतके पक्के पुरावे नाहीत, तरी आपल्या परिस्थितीशी त्यांचं नातं जास्त जवळचं आहे.

दुसरं ठिकाण आपल्याच राज्यातलं, गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत जे केलं ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. गावातलीच एक बाई आरोग्यदूत म्हणून शिकवली. ती गरोदर बाईला आधीपासून भेटायची, बाळंतपणाच्या वेळी सुइणीसोबत हजर राहायची आणि पुढे महिनाभर ठरल्या दिवशी घरी जाऊन बाळाचं वजन, ताप, श्वास, अंगावर पिणं पाहायची. तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. आरोग्यदूत मिडवाइफ नव्हती आणि हा प्रयोग बाळांसाठी होता, हे मान्य. पण गरोदरपण, जन्म आणि नंतरचा महिना या तिन्ही टप्प्यांवर एकच माणूस राहिलं की काय होतं, याचा मराठी मुलखातला याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही. २०११ पासून देशभर आशाताई ज्या गृहभेटी देतात, दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, त्या याच कामातून आलेल्या आहेत. गंमत नव्हे, दुःख याचं की देशभर नेताना भेटी घेतल्या आणि बाळंतपणाच्या वेळची सोबत मात्र गळून गेली. त्या सगळ्या भेटींचे मिळून आशाताईला २५० रुपये ठरले. राज्यातल्या सलग सेवेचा जो काही धागा आज शाबूत आहे तो तिच्याच हातात आहे, आणि तिला पगारी कर्मचारीसुद्धा मानलं जात नाही.

दुसरा आक्षेप इंग्लंडकडे बोट दाखवतो. तिथे २०१६ च्या 'बेटर बर्थ्स' अहवालानंतर बहुसंख्य स्त्रियांना एकाच मिडवाइफची सोबत द्यायचं उद्दिष्ट ठरलं. २०२२ च्या मार्चमध्ये श्रूजबरी आणि टेलफर्ड इथल्या बालमृत्यूंचा ऑकेंडन अहवाल आला. पुरेशा मिडवाइफ नसतील तिथे हे प्रारूप थांबवा, असं त्यानं सांगितलं, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय उद्दिष्टाची तारीख मागे घेतली गेली. यातून 'सलग सेवा फसली' असा अर्थ काढणारे आहेत. अहवालाचं बोट मात्र मनुष्यबळाकडे होतं. मोजकीच माणसं लेबर रूममधून काढून सलग सेवेच्या तुकड्यांत घातली तर लेबर रूम उघडी पडते, हा त्याचा इशारा. तो आपण जसाच्या तसा घ्यावा. आहे त्याच सिस्टरच्या ड्युटीवर आणखी एक जबाबदारी लादून ही सेवा सुरू करायची असेल तर सुरू न केलेली बरी.

डॉक्टरांचा आक्षेप वेगळा आहे. बाळंतपण शेवटच्या घटकेपर्यंत बिनधोक दिसतं आणि वार पडल्यावर दहा मिनिटांत बाई रक्तस्रावानं कोसळते. देशातल्या निम्म्याहून जास्त गर्भवतींना रक्तक्षय आहे, त्यांच्या अंगात गमावायला रक्तच नसतं. अशा वेळी मिडवाइफच्या हाती सोपवणं हा खेळ नाही का? काळजी रास्त आहे. पण सलग सेवा म्हणजे डॉक्टरांना वजा करणं नव्हे. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केलेल्या मिडवायफरी सेवेच्या मार्गदर्शक सूचनांत मिडवाइफचा कक्ष प्रसूतिशास्त्र विभागाला लागूनच असावा असं म्हटलं आहे, आणि नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरीचं प्रशिक्षण आधीच नोंदणीकृत असलेल्या नर्सला दीड वर्षाचं आहे. रक्तक्षय तर असा आजार आहे की तो कळांच्या रात्री बरा होत नाही. तिसऱ्या महिन्यापासून कुणीतरी गोळ्या खरंच पोटात जातात का, मळमळ होते म्हणून चुलीमागे पडतात का, हे विचारत राहिलं तरच तो हटतो. दुसरीकडे सिझेरियनचं प्रमाण बघा. सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ते महाराष्ट्रात २५.४ टक्के निघालं, शेजारच्या तेलंगणात ६०.७. दहा टक्क्यांच्या पुढे लोकसंख्येच्या पातळीवर जीव वाचण्याशी त्याचा संबंध उरत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते आहे. तेलंगणानं २०१७ पासून सरकारी नर्सना मिडवाइफ म्हणून तयार करायला घेतलं ते याच धास्तीनं. ज्या बाईला सिझेरियन खरंच हवं तिला घाटीत वेळेवर टेबल मिळायचं असेल, तर जिला ते नको तिचं बाळंतपण तालुक्यात निर्धास्त होणं गरजेचं आहे.

जुन्या सुइणीकडे परत जाण्याची एक भाषाही अधूनमधून ऐकू येते. तिला पंचक्रोशीतल्या बायका माहीत होत्या, ती शेक-शेगडीपासून बाळाच्या अंघोळीपर्यंत येत राहायची, हे सगळं खरं. पण तिच्याजवळ रक्तस्राव थांबवणारं इंजेक्शन नव्हतं आणि अडलेल्या बाईला न्यायला गाडी नव्हती. त्या काळात किती बायका गेल्या हे विसरून तिचा गौरव करता येत नाही.

आता खरा अडथळा, आणि तो आपला स्वतःचा आहे: माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मुलीला विसावा देते आणि व्यवस्थेला मात्र तिचा पत्ता हरवायला लावते. त्यात या जिल्ह्यासह बीड-जालन्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती उन्हाळा लागता परततात. कोयता आणि गर्भारपण एकाच फडावर चालतं. एकाच मिडवाइफची सोबत असा शब्दशः आग्रह इथे टिकणार नाही. पण हातातून हातात सोपवणं शक्य आहे. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी निघाली की सासरच्या तालुक्यातल्या मिडवाइफनं माहेरच्या मिडवाइफला फोन करायचा, बाईचा सगळा इतिहास तोंडी सांगायचा, आणि माहेरच्या मिडवाइफनं आठवड्याच्या आत तिला भेटायचं. ऊसतोडीच्या बाबतीत हाच दुवा कारखान्याच्या तालुक्याशी जोडायचा. माता-बाल संरक्षण कार्डावर अंगणवाडीताई, आशा आणि एएनएमची नावं लिहायला जागा आहेच. तिथे 'तुझ्या बाळंतपणाची मिडवाइफ' म्हणून एक नाव आणि मोबाइल नंबर, आणि माहेरी गेल्यास दुसरं नाव, एवढं वाढवणं अवघड नाही.

नंतरच्या सहा आठवड्यांबद्दल आपली व्यवस्था सगळ्यात गरीब आहे. साध्या प्रसूतीनंतर दोन दिवसांत डिस्चार्ज होतो आणि बाई घरच्यांच्या हाती जाते. पाचव्या फेरीनुसार देशात ८८.६ टक्के जन्म दवाखान्यात होऊनही पहिल्या तासाभरात अंगावर पाजलेली बाळं ४१.८ टक्केच, यावरून दवाखान्यातही या कामाला माणूस नसतं हे उघड आहे. घरी चीक पिळून टाकायला सांगणारी आजी असते, स्तनांना गाठी येतात, टाके दुखतात, बाई कारण नसताना रडते आणि तिला 'बाळंतवारं' लागलं म्हणून कोपऱ्यात बसवलं जातं. आशाताई येते, पण तिचा तक्ता मुख्यतः बाळाचा. आईच्या मनाकडे, टाक्यांकडे, पुढच्या दिवसांच्या अंतराकडे बघणं त्यात मागे पडतं. कळांच्या वेळी जिनं पाठ चोळली तीच सातव्या दिवशी दारात आली, तर बाई टाक्यांतून पू येतो हे सांगेल. परक्या माणसाला ती 'बरं आहे' एवढंच म्हणेल.

मग सुरुवात कुठून? २०१८ च्या सूचनांचा भर जिथे प्रसूती जास्त होतात त्या मोठ्या रुग्णालयांवर आहे. प्रशिक्षणासाठी ते बरोबरच. पण घाटीत येणारी बाई बहुधा आधीच गुंतागुंतीची आणि लांबून आलेली असते. तिथे सलग सेवा उभी राहण्याची शक्यता सगळ्यात कमी. ती उभी राहील वैजापूर, सिल्लोड, कन्नड अशा तालुक्याच्या रुग्णालयांत, जिथून गावं तासाभराच्या आत आहेत आणि शल्यक्रियेची सोय हाकेच्या अंतरावर आहे. एका तालुक्यात सहा मिडवाइफची एक तुकडी, प्रत्येकीकडे ठरलेली गावं, त्या गावांच्या आशाताई तिच्याशी जोडलेल्या, आणि कळांच्या वेळी तुकडीतली निदान एक जण हजर. या सहा जागा नव्या हव्यात, असलेल्या सिस्टरमधून काढलेल्या नकोत. किमान तीन वर्षं त्यांची बदली होऊ नये आणि त्यांना बाळंतपणाखेरीज सर्वेक्षणाचं, निवडणुकीचं, रजिस्टरचं काम लागू नये. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व मिडवायफरी आयोग कायद्यानं मिडवाइफला स्वतंत्र व्यावसायिक म्हणून कायद्यात जागा दिली आहे. राज्यानं पदं मंजूर केली नाहीत तर ती जागा कागदावरच राहील. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीनं आणि या भागातल्या आमदारांनी येत्या अर्थसंकल्पात निदान एका तालुक्यासाठी या सहा पदांची मागणी करावी, आणि दोन वर्षांनी त्या तालुक्यातल्या रेफर झालेल्या, सिझेरियन झालेल्या आणि सहाव्या आठवड्यापर्यंत भेट मिळालेल्या बायकांचे आकडे शेजारच्या तालुक्यासोबत लोकांपुढे ठेवावेत.